ज्यांच्याकडे लिंक आहे

१२ जानेवारी, रविवार

अण्णांचा फोन. मार्चमध्ये त्यांना सत्तर पूर्ण होतात. हे त्यांनी मला अशा आवाजात सांगितलं की जणू मी त्यांची मुलगी नसून हॉलची मॅनेजर आहे.

"घरातले सगळे फोटो तुझ्याकडेच आहेत. नीट करून सगळ्यांना पाठव. त्यातले चांगले पडद्यावर दाखवायचे. दादाला सांगितलं असतं, पण तो करणार नाही."

दादा करणार नाही म्हणून मी करायचं — हा आमच्या घरचा जुना कायदा.

मागून आईचा आवाज येत होता. विचारलं, "आई काय म्हणतेय?" अण्णा म्हणाले, "काही नाही." मग म्हणाले, "आणि जावयांना आत्ताच रजा टाकायला सांग. ऐनवेळी कामाची सबब नको." मी हो म्हणाले.

इथे तरी खरं लिहावं. माझा नवरा जूनपासून दुसऱ्या गावी आहे. सगळ्यांना वाटतं, नोकरीसाठी. नोकरी आहेच. पण ऑक्टोबरमध्ये आम्ही फोनवर ठरवलं, की तो परत येणार नाही आणि मी तिकडे जाणार नाही. भांडण नाही, तिसरं माणूस नाही. तो गेल्यावर मी त्याची आठवण येण्याची वाट बघत होते. आली नाही. त्यालाही आली नव्हती. हे सांगताना तो जरा ओशाळला, एवढंच. त्याच्या घरी माहीत नाही, माझ्या घरी माहीत नाही. अण्णांचा वाढदिवस पार पडू दे, मग सांगू, असं ठरलंय.

१८ जानेवारी, शनिवार

स्टुडिओत नवं सॉफ्टवेअर आलं. मालकांनी वर्षभराचे पैसे भरले आणि दोन दिवस त्याची बडदास्त ठेवली. आता फोटो कॉम्प्युटरवर नाही, क्लाउडवर राहणार. तिथेच दुरुस्त करायचे आणि तिथूनच गिऱ्हाइकाला लिंक पाठवायची. पेनड्राइव्हचा जमाना संपला, असं मालक म्हणाले. खिशातला पेनड्राइव्ह मात्र काढला नाही.

आमचा स्टुडिओ म्हणजे फर्निचरचे फोटो. खुर्च्या, सोफे, कपाटं. मालक फोटो काढतात, मी दुरुस्त करते. लाकडावरचा ओरखडा काढायचा. जमिनीवरची वायर काढायची. कपाटाच्या आरशात मालक स्वतः दिसत असतात, त्यांना काढायचं. इतकी वर्षं मी नको ते काढत आलेय. हात बसलाय.

संध्याकाळी घरी त्याच सॉफ्टवेअरमध्ये घरचे फोटो चढवले. अल्बमला नाव दिलं "अण्णा ७०". शेअरचं बटण दाबलं. खाली बारीक अक्षरांत आलं — ज्यांच्याकडे लिंक आहे त्यांना हा अल्बम दिसेल. बरं. लिंक आईला पाठवली. आईने ती घरच्या ग्रुपवर टाकली. शिवाय माझ्या सासऱ्यांनाही पाठवली. ते आमच्या ग्रुपवर नाहीत, एकटे राहतात, आणि आईला त्यांचं वाईट वाटतं.

१९ जानेवारी, रविवार

ग्रुपवर अंगठेच अंगठे. आत्याने लिहिलं, "काय दिवस होते ते." दादाने फोटो उघडलेसुद्धा नसणार, पण अंगठा त्याचाच पहिला.

२५ जानेवारी, शनिवार

अण्णांना हॉलच्या दारात लावायला स्वतःचा मोठा फोटो हवाय. त्यांनीच निवडला. जुन्या घराच्या गॅलरीत वेताच्या खुर्चीत बसलेत, तो. फोटो चांगला आहे, पण शेजारच्या खुर्चीत जावई आहेत आणि जावयाचं कोपर अण्णांच्या खुर्चीच्या हातावर आलंय. कडेने कापायला गेले तर अण्णांचा कान जातो.

नव्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे. नको त्या वस्तूभोवती बोट फिरवायचं, ती जाते. मागे काय असेल ते सॉफ्टवेअर स्वतःच्या मनाने भरतं. मी कोपराभोवती बोट फिरवलं. चकरी फिरली. कोपर गेलं, आणि त्याच्याबरोबर अख्खा माणूस गेला. खुर्चीसकट. तिथे पडदा आला, गॅलरीच्या दारावर होता तसाच. छान चुण्यांचा.

एक बटण दाबलं की परत येतो. मूळ फोटो आत सुरक्षितच असतो. मी बटण दाबलं नाही. चहा केला. येऊन पुन्हा बघितलं. मला वाटलं होतं, काहीतरी वाटेल. फोटो बरा दिसत होता.

२९ जानेवारी, बुधवार

दुसराही केला. तळ्याकाठच्या सहलीचा. त्याच्या जागी झुडूप आलं. दादाच्या लग्नातल्या फोटोत सॉफ्टवेअरने त्याच्या जागी खांब उभा केला. खांब त्याच्याहून सरळ उभा राहतो.

मग लायब्ररीच्या पायऱ्यांवरचा. आमचं नवं-नवं लग्न होतं तेव्हाचा. चकरी फिरली, तो गेला. हात राहिला. माझ्या खांद्यावर मनगटापर्यंतचा हात, पुढे कोणी नाही. मी हसतेय.

हाताभोवती बोट फिरवलं. हात गेला, पण खांदा बिघडला, एखादी उशी दाबल्यासारखा. परत केलं. दुसऱ्या तऱ्हेने केलं. मग जुन्या पद्धतीने, कपड्याचा एकेक तुकडा उचलून तिथे बसवायला लागले. त्याच्या हाताखाली माझा खांदा कसा होता, ते सॉफ्टवेअरला माहीत नाही. मलाही आठवेना.

तेव्हा रडू आलं. फार नाही. लॅपटॉपवर पडू नये म्हणून मान वळवली होती.

शेवटी जमलं. आता मी पायऱ्यांवर एकटीच हसतेय, आणि कोणाकडे बघून ते कळत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

आज पाच. हात भराभर चालतोय. कपाटं करते तसं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वहिनीचा फोन, स्टुडिओत असताना. ती कामाशिवाय फोन करत नाही.

"ताई, सगळं ठीक ना?"

"हो. का गं?"

"नाही, सहजच. भावोजींची तब्येत?"

"बरी आहे."

"बरेच दिवसांत दिसले नाहीत."

"ते बाहेरगावी असतात ना."

"हो, हो. बाहेरगावी." मग फोनवर हात ठेवून कोणाला तरी म्हणाली, "बाहेरगावी म्हणतेय." हात नीट ठेवलेला नव्हता.

संध्याकाळी आत्याचा. "मी काही विचारत नाही," असं म्हणाली. हवापाण्याचं बोलली, गुडघ्याचं बोलली, आणि मध्येच पुन्हा, "मी आपणहून काही विचारायची नाही." मी म्हटलं, "काय विचारायचंय?" "काही नाही. तू सांगशील तेव्हा सांग." फोन ठेवला.

घरचा ग्रुपही थंड पडलाय. आत्या रोज सकाळी फुलं पाठवते, तीही नाहीत. अण्णांच्या वाढदिवसासाठी काहीतरी गुपचूप ठरत असणार आणि मला बाहेर ठेवलंय. सगळं काम मी करायचं आणि गंमत मात्र यांची.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आजचं नीट लिहायला हवं.

दुपारी एका फर्निचरवाल्याच्या जेवणाच्या टेबलाचे फोटो करत होते. सकाळीच त्याला लिंक पाठवली होती, पसंतीसाठी. नव्या पद्धतीने पहिलीच. मी टेबलाचा रंग जरा गडद करत होते, तेवढ्यात त्याचा फोन.

"हां, आता बरा आला रंग. अजून थोडा."

मी म्हटलं, "कुठला रंग?"

"टेबलाचा. तुम्ही आत्ता करताय ना? थांबा, बघतोय. हां. तो खुर्चीचा मागचा पाय वाकडा वाटतो, तोही करून टाका."

"तुम्ही कुठे आहात?"

"दुकानात. का?"

मी पाय सरळ केला. तो म्हणाला, "झाला सरळ."

म्हणजे मी इथे केलं की त्याला तिथे दिसतं. त्याच क्षणी. लिंक म्हणजे हातात दिलेली प्रिंट नाही, खिडकी आहे. मी आत जे काही करीन ते बाहेर उभा असलेला माणूस बघतो.

माउस हातातच राहिला. फर्निचरवाला "हॅलो, हॅलो" करत होता.

मालकांना म्हटलं, डोकं दुखतंय. घरी आले आणि अल्बम उघडला. कोपऱ्यात एक छोटा फुगा होता, त्यावर आकडा. मी आजवर त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. दाबला. प्रत्येक फोटोखाली घरच्यांनी लिहिलेलं.

गॅलरीच्या फोटोखाली मामी — सुंदर फोटो. जावई कुठे गेले?

आत्या — कालपर्यंत होते.

दादा — सॉफ्टवेअरचा गोंधळ असेल.

आत्या — सॉफ्टवेअर एकाच माणसाच्या मागे कसं लागेल?

तळ्याच्या फोटोखाली मामी — आज इथूनही गेले.

दादाच्या लग्नाच्या फोटोखाली वहिनी — हा खांब आमच्या हॉलमध्ये नव्हता.

पायऱ्यांच्या फोटोखाली आत्याने लिहिलंय, "मी रात्री बघत होते. नुसता हात राहिला होता. मी घाबरले." त्याखाली दादा — आत्या, इथे लिहू नकोस, तिला दिसतं. दुसऱ्या ग्रुपवर ये.

दुसरा ग्रुप आहे. अर्थातच.

आणि जवळजवळ प्रत्येक फोटोखाली एक लाल बदाम. सासऱ्यांचा. ते काहीच लिहीत नाहीत, नुसता बदाम देतात. मी त्यांच्या मुलाला एकेका फोटोतून उचलत होते आणि ते बदाम देत होते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

त्याला फोन केला. कसं सांगावं याची मनात उजळणी केली होती. त्याने अर्ध्यात थांबवलं.

"मला माहितीये. लिंक माझ्याकडेही आहे. तुझ्या आईने पाठवली."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तुझं तू करतेयस. मध्ये कशाला बोलायचं." मग म्हणाला, "वाईट वाटलं. पण बघतही होतो. रोज ऑफिसातून आल्यावर उघडायचो, आज कुठून गेलो ते बघायला."

मी सॉरी म्हणाले. तो म्हणाला, "तळ्याकाठचं झुडूप जरा जास्तच हिरवं आहे."

नऊ वर्षांच्या संसारात आम्ही एवढं एकत्र हसलो असू की नाही, शंका आहे. मग तो गंभीर झाला. "बाबांना मी सांगतो. रविवारी जातो आणि समोर बसून सांगतो. फोनवर नको."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

रविवारपर्यंत कोण थांबतंय. सासरे आज स्टुडिओत आले.

मी मान वर केली तर दारात उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात फोन. मालकांनी त्यांना गिऱ्हाईक समजून सोफ्यांचे भाव सांगायला सुरुवात केली. मी पुढे झाले. बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून ज्या खुर्चीचा फोटो चालला होता तिच्यावरच त्यांना बसवलं. दिवे चालू होते. त्या उजेडात ते फार म्हातारे दिसले.

"फोन बिघडला असं वाटलं मला," ते म्हणाले. "दुकानात नेला. दुकानदाराने बघितला. म्हणाला, काका, फोन ठणठणीत आहे. तुमचा मुलगाच फोटोत नाही."

मी सगळं सांगितलं. ऑक्टोबर, फोन, वाढदिवसापर्यंत गप्प राहायचं ठरलं ते. तो रविवारी येऊन स्वतः सांगणार होता, हेही. ते ऐकत होते. मालक दिवे विझवायला पुढे आले, मी हातानेच नको म्हटलं.

"त्याने मारझोड, शिवीगाळ असं काही?"

"नाही. तसं काहीच नाही."

"मग?"

"काहीच नाही, हेच."

मग म्हणाले, "तो गॅलरीतला फोटो मी काढला होता. तिथे पडदा नव्हता. तिथे तो होता, आणि अण्णांना कसला तरी जोक सांगत होता. जोक वाईट होता. पण होता."

मला मान वर करवेना.

"मला तू काढलं नाहीस," ते म्हणाले. "मी सगळे फोटो बघितले. जिथे होतो तिथे सगळीकडे आहे."

"तुम्हाला कशाला काढीन मी?"

"तेच विचारायला आलो होतो."

मी विचारलं, मग ते बदाम? ते गोंधळले. फोन काढून दाखवला. फोटो बंद करायचा तर तिथेच दाबायचं असतं अशी त्यांची समजूत होती.

बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले. बस आल्यावर म्हणाले, "अण्णांच्या वाढदिवसाला यायचं ना मी?" मी म्हटलं, यायचंच.

१६ फेब्रुवारी, रविवार

माहेरी गेले. एकदाचं सांगून टाकायचं म्हणून. सांगायचं काही उरलं नव्हतं. अण्णा सोफ्यावर बसलेले, समोर टीव्ही बंद.

"हे किती जणांनी बघितलं?"

"ज्यांच्याकडे लिंक आहे त्यांनी."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यांनी."

अण्णांनी चष्मा काढला आणि पुसला. ते ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "का वेगळे झालात" हे त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, "त्याला परत टाक. सगळ्या फोटोंत. येतो ना परत?"

"येतो. पण अण्णा, सगळ्यांना माहीत झालंय."

"माहीत असणं वेगळं आणि समोर मांडणं वेगळं. माझा दिवस आहे. त्या दिवसापुरतं घर अख्खं दिसू दे. नंतर काय काढायचं ते काढ."

मी दादाकडे बघितलं. तो वरच्या मजल्यावरून खास हे ऐकायला आला होता, पण त्याला अचानक कोणाचा तरी फोन आला.

आई स्वयंपाकघरात होती. मला वाटलं, आता ही रडणार. तिने माझ्या हातात फडकं दिलं आणि आम्ही भांडी पुसत उभ्या राहिलो.

"एकटी जेवतेस तेव्हा ताट वाढून घेतेस, की उभ्या-उभ्याच?"

"ताट घेते."

"आणि कंटाळा आला तर?"

"तर काही करत नाही. ब्रेड खाते. नाहीतर तशीच झोपते."

"काही करत नाहीस," आई म्हणाली. हातातली ताटली कोरडी झाली होती, तरी पुसत राहिली. "आणि कोणी काही म्हणत नाही."

"कोण म्हणणार?"

बिचारी माझ्या काळजीने खंगतेय असं वाटलं. म्हटलं, आई, मी नीट आहे, खरंच. ती म्हणाली, "दिसतंय ते."

बाहेरून अण्णांनी चहाला हाक मारली. मी आल्यापासूनची तिसरी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

परत टाकला. सगळ्या फोटोंत. काढायला पंधरा दिवस लागले होते. परत यायला चहा उकळायच्या आत आला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सासऱ्यांनी गॅलरीच्या फोटोखाली पहिल्यांदा काहीतरी लिहिलंय — "आला." बाकी कोणी काही लिहिलं नाही. दुसऱ्या ग्रुपवर आग लागली असणार.

८ मार्च, शनिवार

झाला वाढदिवस. कसा झाला ते लिहिते.

हॉल ठीक होता. खुर्च्यांना पांढरी कव्हरं. माझी नजर पायांकडे जाते — चार वाकड्या होत्या. दारात अण्णांचा मोठा फोटो, कान शाबूत, शेजारी जावई आणि त्याचं कोपर. येणारा प्रत्येक जण आधी कोपराकडे बघायचा, मग माझ्याकडे, मग घाईघाईने अण्णांकडे. सासरे पहिल्या रांगेत बसले. आईने त्यांच्या शेजारची खुर्ची कोणाला बसू न देता धरून ठेवली आणि मग स्वतः जाऊन तिथे बसली. अण्णांनी तिला दोनदा खूण केली, इकडे माझ्याजवळ ये. तिला दिसली नाही.

फोटो लॅपटॉपवरून पडद्यावर, थेट अल्बममधूनच. हॉलचं इंटरनेट कसलं रडकं होतं. प्रत्येक फोटो आधी धुरकट यायचा आणि मग हळूहळू लख्ख व्हायचा. म्हणजे आधी सगळे अंधुक, माणूस कोण, खांब कोण, कळायचं नाही. मग एकेक चेहरा वर यायचा. आणि त्याचा चेहरा का कोण जाणे, सगळ्यात शेवटी. अख्खा हॉल बघत होता. आपल्या डोळ्यांनी जाताना बघितलेला माणूस आता परत येताना बघत होते. लायब्ररीच्या पायऱ्या आल्या. आधी हात दिसला. आत्या चक्क खोकली.

फोटो संपले, टाळ्या झाल्या.

मग अण्णा माइकपाशी. चांगले बोलले, नोकरीचं, मित्रांचं. शेवटी घरच्यांचे आभार मानताना म्हणाले, "आमचे जावई आज कामात अडकलेत. नाहीतर इथे पहिल्या रांगेत असते."

सासरे स्वतःच्या बुटांकडे बघत होते. त्यांचा मुलगा, आणि त्यांच्यासमोर हे. मला उठावंसं वाटलं.

आई उठली. माइकपाशी गेली नाही. बसल्या जागी उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अडकलेले नाहीत. ते दोघं वेगळे झालेत. इथे सगळ्यांना ठाऊक आहे. केक कापा आता, वितळतोय."

बसली. सासऱ्यांच्या हातावर एकदा थोपटलं.

चार माणसांत अण्णांचं बोलणं आईने तोडलेलं मी आयुष्यात बघितलं नव्हतं. अण्णांनीही नसणार. ते माइक धरून उभेच. मग सुरी घेतली आणि केक कापला. वहिनी एकदम सगळ्यांना बशा वाटायला लागली. आणि गंमत म्हणजे, त्यानंतर लोक मोकळे झाले. मामी येऊन म्हणाली, वाईट झालं गं. आत्या म्हणाली, मी काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, हो आत्या, तू नाही विचारलंस. ती माझ्याजवळ बसून जेवली आणि तिचा गुडघा कसा दुखतो ते सगळं सांगितलं. मला फार बरं वाटलं.

१० मार्च, सोमवार

त्याचा फोन. त्याला बाबांकडून सगळं कळलं होतं. "तुझी आई भारी निघाली," म्हणाला.

मी विचारलं, अल्बमचं काय करू? तो म्हणाला, तुझे फोटो आहेत, तू ठरव. मी ठरवलंय. आहे तसा राहू देते. तो तिथे होता, वाईट जोक सांगत होता. एकच फोटो वेगळा ठेवणार, पायऱ्यांवरचा, मी एकटी असलेला; त्याला परत टाकण्याआधी त्याची प्रत काढून ठेवली होती. अल्बममध्ये नाही, माझ्यापाशी. ज्या खांद्यासाठी एवढी मेहनत घेतली, तो माझा स्वतःचा आहे.

लिंक बंद केली. सॉफ्टवेअरने विचारलं — नक्की बंद करायची? यापुढे कोणालाही दिसणार नाही. नक्की.

१६ मार्च, रविवार

दादाकडून कळलं. अण्णा आईशी बोलत नाहीत, वाढदिवसापासून. काही हवं असलं की दादाला वरून खाली बोलावतात आणि त्याच्याकडे निरोप देतात — "आईला सांग, चहा." आई समोरच बसलेली असते. दादा म्हणाला, माझे गुडघे आत्यासारखे होणार.

आईला फोन केला. वाटलं, माझ्यापायी हिला हे सोसावं लागतंय. तसं म्हणाले. ती म्हणाली, "तुझ्यापायी काय? घरात किती छान शांत आहे."

मी म्हटलं, अण्णांचा राग चार दिवसांत उतरेल.

"हो," आई म्हणाली. "तीच काळजी आहे."

मला वाटलं, थट्टा करतेय.

२३ मार्च, रविवार

सकाळी बेल. दारात आई. दोन बॅगा, छत्री, आणि काखेत स्वतःची उशी.

मी विचारलं, किती दिवस? म्हणाली, "ते ठरवलेलं नाही. मागची खोली चालेल मला."

टेबलावर माझा फोन वाजतोय. अण्णांचा. मी आईकडे बघितलं. ती उशीला अभ्रा घालत होती.

"वाजू दे," म्हणाली.